पाठ फिरवण्याचा हक्क

27 जानेवारी 2017, शुक्रवार. ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे वॉशिंग्टनमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि राणीच्या वतीने आपण त्यांना शाही इतमामातल्या दौऱ्याचं निमंत्रण दिलंय, असं त्यांनी जाहीर केलं. ट्रम्प यांचा शपथविधी होऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्याच दिवशी त्यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेत यायला नव्वद दिवसांची बंदी घालणाऱ्या आदेशावर सही केली. मी तेव्हा लंडनमध्ये नोकरीला होतो. शनिवार-रविवार विमानतळांवर अडकून पडलेल्या माणसांच्या बातम्या येत राहिल्या आणि सोमवारपर्यंत ब्रिटिश संसदेच्या संकेतस्थळावरच्या, या शाही दौऱ्याविरुद्धच्या एका याचिकेने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला.

याचिकेच्या पानावर ब्रिटनचा नकाशा होता. कुठल्या मतदारसंघातून किती सह्या आल्या ते त्यावर रंगाने दाखवलेलं असायचं. सही जास्त तिथे रंग गडद. लंडन, ब्रायटन, ब्रिस्टल, एडिंबरा गडद. मधले आणि पूर्व किनाऱ्याकडचे कित्येक भाग फिकट. आदल्या जूनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडायचं की नाही यावर जे मतदान झालं होतं, त्याचाच नकाशा पुन्हा बघतोय असं वाटत होतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लोक तो नकाशा फोनवर उघडून बसायचे आणि आपापल्या गावाच्या रंगावरून बोलायचे. सही करायला ब्रिटिश नागरिक असावं लागत नाही, तिथला रहिवासी असलं तरी चालतं. नाव, ईमेल आणि पोस्टकोड दिला, ईमेलवर आलेल्या दुव्यावर टिचकी मारली की झालं. मी सही केली.

याचिकेवर तावातावाने बोलणाऱ्या किती जणांनी ती नीट वाचली होती, याची मला आजही शंका आहे. पुढे महिनाभर वाद झाला तो 'ट्रम्प यांना येऊ द्यायचं की नाही' असा झाला. याचिका तसं म्हणत नव्हती. अमेरिकी सरकारचे प्रमुख म्हणून त्यांना जरूर येऊ द्या, असंच त्यात लिहिलं होतं. फक्त शाही दौऱ्याचं निमंत्रण देऊ नका, त्याने राणीवर अवघड प्रसंग येईल, एवढंच मागणं. साधारण वर्षभर आधी, ट्रम्प अजून उमेदवारीसाठी धडपडत होते तेव्हा, त्यांना देशातच घेऊ नका अशी वेगळी याचिका आली होती. तिच्यावर पाच लाखांहून अधिक सह्या होत्या आणि जानेवारी 2016 मध्ये संसदेत तिच्यावर चर्चाही झाली होती. त्या याचिकेशी मी सहमत नव्हतो. एखाद्याची मतं कितीही टोचली, तरी त्याला सरहद्दीवर अडवणं हा उपाय नव्हे. ही दुसरी मात्र मला पटली, कारण तिने एक रेघ ओढली होती आणि ती रेघ बरोबर जागी होती.

दोन देशांच्या प्रमुखांनी भेटणं, बोलणं, भांडणं, व्यापाराचे करार करणं हे सरकारचं काम आहे. ते सरकारने खुशाल करावं. जगातली अर्धी सरकारं अशी आहेत की ज्यांच्याशी बोलायचं नाही म्हटलं तर कुणाशीच बोलता येणार नाही. पण शाही दौरा म्हणजे बोलणी नव्हेत. त्यात घोडदळाची मानवंदना असते, ग्रीन पार्कात 41 तोफांची सलामी असते, राजाच्या बग्गीतून मिरवणूक असते आणि रात्री दीडशेच्या वर पाहुण्यांची मेजवानी असते. यातल्या कशानेही करार एका कलमाने पुढे सरकत नाही. हा सगळा थाट म्हणजे एका देशाने दुसऱ्या देशातल्या माणसाला 'तू आमचा मानाचा पाहुणा' असं जाहीरपणे सांगणं. बोलणी सरकारची असतात, मान देशाचा असतो. आणि देशाचा मान द्यायचा तर देशातल्या माणसांना त्यावर बोलायचा हक्क आहे, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

ब्रिटनला हा प्रश्न काही नवा नव्हता. जून 1978 मध्ये रुमानियाचे निकोलाय चाउशेस्कू याच इतमामात आले होते, राणीच्या शेजारी बग्गीत बसले होते, बकिंगहॅम राजवाड्यात उतरले होते. त्यामागे विमानांच्या विक्रीचा व्यवहार होता. त्यांना मानाची 'नाइटहूड' ही पदवी दिली गेली. डिसेंबर 1989 मध्ये रुमानियातली माणसं रस्त्यावर मारली जाऊ लागली, तेव्हा ती घाईघाईने काढून घेण्यात आली आणि 25 डिसेंबरला चाउशेस्कूंना गोळ्या घालण्यात आल्या. झिंबाब्वेचे रॉबर्ट मुगाबे यांना 1994 च्या दौऱ्यात असाच मान मिळाला, तो 2008 मध्ये काढून घेतला. त्याआधी 1980च्या दशकात त्यांच्याच देशातल्या मॅटाबेलेलँडमध्ये हजारो माणसं मारली गेली होती, ही गोष्ट 1994 मध्ये अगदीच अज्ञात होती असं नाही. दिलेला मान परत घेता येतो हे खरं, पण तो परत घेतला जातो तेव्हा त्याचा उपयोग कुणालाच उरलेला नसतो.

त्या फेब्रुवारीत माझ्या शेजारी राहणाऱ्या बाईंनी सही करायला नकार दिला, आणि त्यावरून आमचं जे बोलणं झालं ते मी अजून विसरलेलो नाही. बाई सत्तरीच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. ट्रम्प यांचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. त्यामुळे त्यांची सही तर नक्की असणार असं मी धरून चाललो होतो. त्या म्हणाल्या, "नाही. त्याला येऊ दे. बग्गीतून येऊ दे. मला त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचंय."

त्यांचे वडील फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांचे युद्धकैदी झाले. पुढे त्यांना सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेलं. जंगलातून आणि डोंगरांतून 415 किलोमीटरचा लोहमार्ग वर्ष-सव्वा वर्षात टाकून घेतला गेला. उपासमार, पटकी, मलेरिया आणि मारहाण. जपान्यांच्या हाती लागलेल्या ब्रिटिश कैद्यांपैकी साधारण दर चौघांतला एक परत आला नाही. जे आले त्यांना घरी परतताना एक छापील पत्रक दिलं गेलं होतं. छावणीत काय पाहिलंत ते बोलत सुटू नका, मेलेल्यांच्या घरच्यांना त्रास होईल, असं त्यात लिहिलेलं. बाई सांगत होत्या की वडिलांनी ते पत्रक हुकूम असल्यासारखं पाळलं. घरी त्या विषयावर अक्षर नाही. भात मात्र त्यांनी नंतर आयुष्यात कधी खाल्ला नाही, आणि ताटात कुणी काही टाकलं तर ते उठून बाहेर जायचे. जपानशी झालेल्या 1951 च्या सॅन फ्रान्सिस्को तहानंतर अशा कैद्यांना नुकसानभरपाई मिळाली ती साडेशहात्तर पौंड.

1971 च्या ऑक्टोबरमध्ये जपानचे सम्राट हिरोहितो लंडनला आले. ज्यांच्या नावाने ते युद्ध लढलं गेलं, तेच सम्राट. बग्गी बकिंगहॅम राजवाड्याकडे जाणाऱ्या 'मॉल' नावाच्या रस्त्यावरून गेली तेव्हा गर्दी बहुतांशी गप्प उभी होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आहे. क्यू उद्यानात त्यांनी एक झाड लावलं. ते कुणीतरी लगेचच तोडलं आणि मुळांत तणनाशक ओतलं. बाई तेव्हा तरुण होत्या. वडिलांनी ती बातमी वाचली आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. ते म्हणाले, झाडाने काय केलं होतं?

मग 26 मे 1998. हिरोहितोंचे चिरंजीव सम्राट अकिहितो राणीचे पाहुणे म्हणून आले. युद्ध संपलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते, त्यांचा स्वतःचा त्यात काही हात नव्हता. तरीही जुन्या कैद्यांनी ठरवलं की मॉलच्या कडेला उभं राहायचं आणि बग्गी समोर आली की पाठ फिरवायची. घोषणा नाहीत, दगड नाहीत. छातीवर पदकं, डोक्यावर आपापल्या पलटणीच्या टोप्या. बाईंचे वडील तेव्हा ऐंशीच्या आसपास होते, काठी घेऊन चालायचे. बाई त्यांना घेऊन गेल्या.

हा प्रसंग त्यांनी मला सांगितला तसा मी लिहितोय. सकाळपासून उभं राहिल्यावर घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. पलीकडे काही लोक जपानी आणि ब्रिटिश झेंडे हलवत होते. मग ओळीतून कुणीतरी हळूच हुकूम दिला. वडिलांनी काठी बाईंच्या हातात दिली आणि कवायतीत शिकवलेलं 'पीछे मुड' जसंच्या तसं केलं. उजवी टाच, डाव्या पायाचा चवडा, वळणं, मग पाय जुळवणं. इतक्या वर्षांनी ते सावकाश झालं, अर्ध्यात एकदा तोल गेला. बाईंनी कोपर धरायला हात पुढे केला तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. ओळीतले काही जण शिटीवर एक जुनी पलटणीची धून वाजवत होते. वडील आता रस्त्याकडे पाठ करून उभे होते, त्यांच्यापुढे नुसती मागच्या माणसांची तोंडं. बग्गी त्यांना दिसलीच नाही. बाई मात्र वळल्या नव्हत्या, कुणीतरी पाहायला हवं ना म्हणून. त्यांनी सम्राटांना पाहिलं. सम्राट या बाजूला पाहत होते, असं त्या म्हणाल्या. टापा लांब गेल्यावर वडिलांनी विचारलं, "गेले का?" आणि काठी परत घेतली.

त्या रात्रीच्या मेजवानीत अकिहितो युद्धातल्या यातनांबद्दल बोलले. युद्धाच्या जखमा वागवणाऱ्यांच्या विचाराने मन दुःखाने आणि वेदनेने भरून येतं, अशा आशयाचं बोलले. भाषण आधीच लिहिलेलं असणार, पाठ फिरवल्यामुळे ते बदललं असं म्हणायला जागा नाही. कैद्यांच्या संघटनांना ते पुरेसं वाटलं नाही, त्यांना थेट क्षमायाचना हवी होती. पण अडीच वर्षांनी, नोव्हेंबर 2000 मध्ये, ब्रिटिश सरकारने हयात असलेल्या प्रत्येक कैद्याला दहा हजार पौंड जाहीर केले. पैसे जपानने दिले नाहीत, ब्रिटनने दिले. बाईंचे वडील ते घ्यायला होते. त्यांनी त्यातून घराचं छप्पर दुरुस्त केलं.

मी बाईंना म्हटलं, मान द्यायचाच नाही, हे जास्त चांगलं नाही का? त्यांचं म्हणणं वेगळं होतं. मान देणं थांबवलं तर सरकार आणि पाहुणा दोघं मागच्या दाराने भेटतील आणि कुणाला काही वाटलं होतं हे कुणाला कळणारही नाही. तिथे उभं राहता आलं म्हणून वडिलांना पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या गोष्टीबद्दल काहीतरी जाहीरपणे म्हणता आलं. परत येताना गाडीत ते बोलायला लागले ते घरी पोहोचेपर्यंत बोलत होते.

मला हे लगेच पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण तेव्हापासून मी या वादाकडे दोन डोळ्यांनी बघायला लागलो.

एक गोष्ट मला तिथेच बोलून दाखवावीशी वाटली आणि मी दाखवलीही. त्या रेल्वेवर युद्धकैद्यांपेक्षा कितीतरी जास्त मेले ते आशियाई मजूर. ब्रह्मी, मलय, जावानीज, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ. या मजुरांच्या मृत्यूंचे अंदाज ऐंशी-नव्वद हजारांच्या घरात जातात, कुठे त्याहूनही वर. कैद्यांच्या मागे निदान पलटणीची यादी होती, नंबर होता, नंतर नीट राखलेली दफनभूमी आली. त्या मजुरांची नावंही बहुतेक लिहिली गेली नाहीत. कुठल्याही राजधानीत, कुठल्याही सम्राटाकडे, त्यांच्या वतीने कुणी पाठ फिरवून उभं राहिलं नाही. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की वडिलांनी त्या गाडीतल्या बोलण्यात तमिळ बायका-मुलांच्या छावण्यांचा उल्लेख केला होता. पटकीच्या दिवसांत त्या छावण्यांच्या बाजूने जायला लागलं की ते मान खाली घालायचे.

20 फेब्रुवारी 2017 ला संसदेत चर्चा झाली. तोवर सह्या अठरा लाखांच्या वर गेल्या होत्या. दौरा झालाच पाहिजे म्हणणारी उलटी याचिकाही होती, तिच्यावर तीन लाखांहून अधिक सह्या होत्या, आणि दोन्हींवर एकत्र चर्चा ठेवली होती. बाहेर पार्लमेंट स्क्वेअरमध्ये थंडीत ढोल वाजत होते. अशा चर्चेच्या शेवटी बंधनकारक मतदान होत नाही, खासदार बोलतात, मंत्री उत्तर देतात, संपतं. सरकारचं उत्तर आधीच ठरलेलं होतं: अमेरिकेच्या अध्यक्षांना संपूर्ण सन्मान मिळालाच पाहिजे.

विरोधकांचा एक मुद्दा मला बिनतोड वाटला. अमेरिकेच्या अध्यक्षाला पहिल्याच वर्षी असं निमंत्रण देण्याची रीत नव्हती. राणीच्या एवढ्या दीर्घ कारकिर्दीत पूर्ण शाही दौऱ्याचा मान मिळालेले अमेरिकी अध्यक्ष तोवर दोनच, 2003 मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश आणि 2011 मध्ये बराक ओबामा. मग सात दिवसांत कसली घाई? युरोपीय संघ सोडायला निघालेल्या ब्रिटनला अमेरिकेबरोबर व्यापारी करार हवा होता, हे उत्तर सगळ्यांना माहीत होतं. त्यासाठी नव्वदी ओलांडलेल्या राणीला पुढे केलं गेलं. पूर्वी परराष्ट्र खात्याचे सर्वोच्च अधिकारी राहिलेले पीटर रिकेट्स यांनीसुद्धा जाहीर पत्र लिहून निमंत्रणाची घाई झाली असं म्हटलं होतं.

पण समर्थकांचा मुद्दाही तितकाच वजनदार होता आणि त्याला विरोधकांकडे नीट उत्तर नव्हतं. तुम्ही 2015 मध्ये शी जिनपिंग यांना सोन्याच्या बग्गीतून फिरवलंत, तेव्हा हे अठरा लाख कुठे होते? ट्रम्प निवडून तरी आलेत, सुमारे सहा कोटी तीस लाख मतं घेऊन. हे ऐकून मी अस्वस्थ झालो. ऑक्टोबर 2015 मध्ये मॉलवर चिनी विद्यार्थी लाल झेंडे घेऊन दाटीवाटीने उभे होते आणि तिबेटी, उइघुर, चिनी लोकशाहीवादी असे थोडेसे लोक एका बाजूला. एक चिनी असंतुष्ट आणि दोन तिबेटी स्त्रियांना पोलिसांनी त्या दौऱ्यात अटक केली, घरांची झडती घेतली. पुढे त्यांच्यावर कारवाई झाली नाही, पण दौरा तेवढ्यात संपून गेला होता. मला वाटतं याचं खरं कारण असं आहे की ट्रम्प यांच्या बोलण्यात ब्रिटनच्या लोकांना आपल्याच घरातल्या भांडणाचा आवाज ऐकू येत होता. तिबेटमधल्या ल्हासातला आवाज तिथवर पोहोचत नव्हता. माणूस आधी स्वतःला जिथे दुखतं तिथे ओरडतो, त्यात ढोंग नाही. पण एकाला ओरडून झाल्यावर दुसऱ्याच्या वेळी गप्प बसलो होतो याची बोच असायला हवी. ती मला त्या दिवशी लागली.

चर्चेच्या दोन आठवडे आधी सभापती जॉन बर्को यांनी एक गोष्ट केली होती. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये भाषण करणं हा परदेशी नेत्याचा आपोआपचा हक्क नाही, तो मिळवावा लागणारा मान आहे, असं त्यांनी भर सभागृहात सांगितलं आणि ट्रम्प यांना तो द्यायला आपला विरोध असल्याचं जाहीर केलं. अकराव्या शतकातलं ते दालन. तिथे द गॉल बोलले, मंडेला बोलले, पोप बेनेडिक्ट बोलले, ओबामा बोलले. 2012 मध्ये म्यानमारच्या नेत्या ऑंग सान सू ची बोलल्या. आणि बर्को बोलले त्याच वर्षाच्या ऑगस्टपासून सात लाखांच्या आसपास रोहिंग्या म्यानमारमधून जीव घेऊन बांगलादेशात पळाले आणि सू ची गप्प राहिल्या. मी बर्कोंच्या बाजूचा होतो आणि आहे, पण ही यादी वाचताना जाणवतं की मान देताना सगळ्यांचं एकमत असलं म्हणजे तो योग्य माणसाला गेला असं होत नाही. ज्या मानाला कुणीच विरोध केला नव्हता, तोच पुढे सगळ्यात जड झाला.

मुंबईची आठवण मला या सगळ्यात सारखी येत होती. 17 नोव्हेंबर 1921 रोजी ब्रिटनचे युवराज एडवर्ड मुंबईत उतरले. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी पेटली. युवराजांना कुणी हात लावू नये, विरोध त्यांच्या व्यक्तीला नसून त्यांच्या नावाने होणाऱ्या दिखाव्याला आहे, हे गांधीजी आधीपासून सांगत होते. लंडनच्या याचिकेतली रेघ ती हीच. पण दुपारपासून शहर पेटलं. स्वागताला गेलेले पारशी, ख्रिस्ती आणि ज्यू लोक परतताना जमावाच्या हाती सापडले. त्यांच्या टोप्या हिसकावल्या, कपडे फाडले, मारहाण केली, पारशांची दारूची दुकानं फोडली. मग उलट बाजूनेही हत्यारं निघाली. तीन-चार दिवसांत पन्नासहून अधिक माणसं मेली. गांधीजींनी शहर शांत होईपर्यंत अन्न सोडलं आणि बारडोलीचा सत्याग्रह पुढे ढकलला.

बहिष्कार योग्य होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जालियनवाला बागेला अजून तीन वर्षंही झाली नव्हती. पण युवराजांना पाहायला गेलेल्या एखाद्या पारशी म्हाताऱ्याची टोपी ओढणाऱ्याने युवराजांचं काय बिघडवलं? ज्याला पाठ फिरवायची त्याने फिरवावी, आणि शेजारच्याला झेंडा हलवायचा असेल तर त्याचा हात मोकळा राहिला पाहिजे. 1998 मध्ये मॉलवर पलीकडच्या बाजूला जपानी झेंडे हलत होते आणि जुन्या कैद्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट ही होती.

ट्रम्प यांचा दौरा लांबत गेला. जानेवारी 2018 मध्ये लंडनच्या नाइन एल्म्स भागात अमेरिकेच्या नव्या वकिलातीच्या उद्घाटनाला ते येणार होते, आले नाहीत. जुलै 2018 मध्ये आले ते शाही दौऱ्यावर नव्हे, कामकाजाच्या भेटीवर. त्यांच्या तोंडवळ्याचा, लंगोट नेसवलेल्या बाळाचा सहा मीटर उंचीचा फुगा पार्लमेंट स्क्वेअरवर चढला आणि लंडनचे रस्ते भरले. मला तो फुगा आवडला नव्हता. लोकांना हसू आलं, छायाचित्रं जगभर गेली, पण विमानतळावर अडकून पडलेल्या सीरियन कुटुंबाचं दुःख त्या फुग्यात कुठेच नव्हतं. तरीही त्याचा परिणाम झाला हे कबूल करायला हवं. ट्रम्प स्वतःच एका ब्रिटिश वर्तमानपत्राला म्हणाले की नकोसं वाटावं म्हणून फुगे सोडत असतील तर लंडनला जायचं कारण नाही. तो दौरा बराचसा हेलिकॉप्टरने झाला. ब्लेनहाइम, चेकर्स, विंडसर. राजधानी होता होईल तो टाळून.

जून 2019 मध्ये शाही दौरा झाला, मेजवानी झाली, पण मॉलवरून बग्गी निघाली नाही आणि संसदेत भाषण झालं नाही. बुश यांच्या वेळी 2003 मध्येही असंच झालं होतं. इराकच्या युद्धाविरुद्ध लाखभर माणसं लंडनच्या रस्त्यावर होती आणि बग्गीची मिरवणूक गाळली गेली.

आणि मग सप्टेंबर 2025. दुसऱ्यांदा शाही दौरा, राजे चार्ल्स यांच्या नावाने. या वेळी बग्गी निघाली, घोडे होते, बँड होता, सगळं होतं. फक्त ती विंडसरच्या राजवाड्याच्या आवारातल्या खाजगी रस्त्यावरून गेली. दोन्ही बाजूंना सैनिक होते. लोक नव्हते. बकिंगहॅमला दुरुस्तीचं काम चालू असल्याने विंडसर निवडलं, हे कारण खरं आहे. पण त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन विंडसरलाच आले होते आणि त्यांची बग्गी गावातल्या रस्त्यावरून, लोकांच्या गर्दीतून गेली होती. मॅक्रॉन संसदेत बोलले. ट्रम्प आले तेव्हा संसदेला सुट्टी होती. लंडनमध्ये मोर्चा निघाला तो पाहुण्यापासून तीसेक किलोमीटरवर.

मी ती मिरवणूक टीव्हीवर पाहिली आणि शेजारच्या बाईंचं म्हणणं मला तेव्हा नीट कळलं. आम्ही सह्या करणाऱ्यांनी काय मिळवलं? दौरा थांबला नाही. एकाऐवजी दोन झाले. मान कमी झाला नाही, उलट कुठल्याच अमेरिकी अध्यक्षाला मिळाला नव्हता असा दुसऱ्यांदा मिळाला. गेला तो रस्ता. लोकांच्या नावाने द्यायचा मान लोकांच्या डोळ्यांआड, भिंतीच्या आत देता येतो, हे सरकारला कळलं. विरोधक दिसू नयेत म्हणून स्वागत करणाऱ्यांनाही बाहेर ठेवायचं. ज्यांना ट्रम्प यांना पाहायचं होतं, हात हलवायचा होता, तीही विंडसरची माणसंच होती, त्यांनाही काही दिसलं नाही.

सह्या करू नयेत असं मला म्हणायचं नाही. उद्या पुन्हा तशी याचिका आली आणि रेघ बरोबर जागी असली तर मी पुन्हा करीन. पण आता मी त्यात आणखी एक मागणी घालीन. सरकारला कुणाला मान द्यायचाच असेल आणि तुमचं ऐकायचंच नसेल, तर त्याने बग्गी मॉलवरून न्यावी. कठडे लावा, पोलीस ठेवा, झडत्या घ्या, पण रस्ता उघडा ठेवा. पाहुण्याला एका हाताला झेंडे दिसतील, दुसऱ्या हाताला पाठी दिसतील, आणि मधून जाताना तो कुणाकडे पाहतो ते आम्हालाही दिसेल.